परग्रहावरचा वीर कसा घडवायचा: सुरुवात वेशीबाहेरच्या दगडापासून

आमच्या गावाच्या वेशीबाहेर, ओढ्याकडं उतरणाऱ्या वाटेवर एक दगड उभा आहे. कमरेइतका उंच, आणि अंगावर शेंदराचे इतके थर की त्याला आकारच उरलेला नाही. बाया त्याला 'वीरबा' म्हणतात. नवरदेव वेशीत शिरायच्या आधी तिथं नारळ फोडतो, नवा बैल आणला की त्याला आधी तिथं नेतात. वीरबा कोण होता असं विचारलं तर 'लई मोठा होता' यापलीकडं कुणालाच काही सांगता येत नाही. मी सातवीत असताना एका पावसाळ्यात शेंदराचा पापुद्रा सुटला आणि खालचं कोरीव काम दिसलं. एक माणूस आडवा पडलेला आणि शेजारी दोन गाई. पुढच्या शनिवारी कुणीतरी परत शेंदूर थापला.

दर उन्हाळ्यात दिवाळी अंकाला कथा पाठवू पाहणारी पोरंपोरी माझ्याकडं वह्या घेऊन येतात. त्यात विज्ञानकथा असली की परग्रहावरचा एक महायोद्धा हमखास असतो. त्याचं नाव झॅरकॉन नाहीतर क्रॅथॉर, उंची आठ फूट, हातात उजेडाची तलवार. 'त्याचे लोक त्याला देव मानत' असं एक वाक्यही असतं. मी विचारतो, मानत म्हणजे सकाळी उठून काय करत? यावर वही बंद होते.

वीर मोठा होतो तो त्याच्या तलवारीमुळं नाही, तो गेल्यावर मागची माणसं जे करत राहतात त्यामुळं. आमच्या वीरबाचं नाव गेलं, गोष्ट गेली, चेहराही गेला. नारळ मात्र फुटतोच आहे. असा वीर कागदावर कसा आणायचा ते मी ज्या क्रमानं करतो त्या क्रमानं पुढं सांगतो.

सोबत दोन नमुने ठेवू. पहिला तयार आहे. 'स्टार ट्रेक' या मालिकाविश्वात क्लिंगॉन नावाची लढवय्यी जमात आहे आणि केलेस हा त्यांचा आदिवीर. त्याला 'अविस्मरणीय' असं बिरुद आहे. जुलमी मोलोरला मारून त्यानं क्लिंगॉनांना एक केलं, साम्राज्य उभं केलं, इमानाचे नियम घालून दिले आणि परत येईन असं सांगून निघून गेला. मरणानंतर शूरांनी जायची जागा म्हणजे स्टोवोकोर, तिथं तो वाट पाहतो अशी त्यांची श्रद्धा आहे. दुसरा नमुना आपण इथंच घडवू. ग्रहाचं नाव घोम, माणसं घोमी, वीराचं नाव ऊमठ. घोमींना डोळे नाहीत. ते तळपायांनी ऐकतात, जमिनीतून येणाऱ्या हादऱ्यांवरून समोर कोण आहे, किती दूर आहे, भुकेलं आहे की रागात आहे ते ओळखतात. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानातून अनवाणी चाललेल्या माणसाला ही कल्पना सुचायला फार वेळ लागत नाही.

पहिली पायरी: आधी मरण लिहा

मराठवाड्यात फिरताना जुन्या देवळाच्या आवारात, बारवेच्या काठावर किंवा पाराला टेकवलेले वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, दिसतात. थांबून नीट बघा, कथेचा आराखडा त्यातच कोरलेला आहे. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई आणि मरण. तिथं गाई असतील तर तो गुरं वाचवताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं बसून पूजा करतो आहे. शेंड्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहणार.

हे दगड खालून वर वाचायचे. लिहिताना मात्र वरून खाली या. वेरूळचं कैलास लेणंही शिखरापासून खाली कोरत आणलं, पाया शेवटी. आधी वरची चौकट लिहा, म्हणजे आज त्याचे लोक त्याच्यासाठी काय करतात ते. मग मधली, त्याला कोण कुठं घेऊन गेलं. आणि शेवटी खालची, तो कशासाठी मेला. सुरुवात जन्मापासून केली की बाळपणीचे चमत्कार येतात, गुरुकुल येतं, पन्नास पानं होतात आणि वीर अजून तालमीतच असतो.

खालच्या चौकटीत खरा प्रश्न गाईंचा आहे. गाई म्हणजे त्या काळची दौलत, दूध, शेत, सगळंच. तुमच्या ग्रहावर गाईंच्या जागी काय आहे? 'स्वातंत्र्य', 'सत्य', 'मातृभूमी' अशी मोठी उत्तरं आधी बाजूला ठेवा. दगडात कोरता येईल अशी वस्तू हवी. विहीर असेल, अंडी असतील, बियाणं असेल.

घोमवर ती वस्तू म्हणजे जमिनीचं कवच. वर वाळलेल्या चिखलाचं कडक कवच आणि खाली पाणी. कवच टिकलं तर पाणी झिरपून वर येतं आणि सगळ्यांना पुरतं. फोडलं तर एकालाच भरपूर मिळतं आणि बाकीची वस्ती खचते. 'दणके' नावाची टोळी कवच फोडत फिरते. एके रात्री दणके ऊमठच्या वस्तीकडं यायला निघतात. वस्ती जीव मुठीत धरून गप्प उभी राहते, कारण पाऊल उचललं की ठावठिकाणा कळणार. ऊमठ एकटा चालायला लागतो. मुद्दाम जड पावलं टाकत, अख्खं गाव चाललंय असं वाटावं इतकी जड. तो दणक्यांना आपल्यामागं ओढत पातळ कवचाच्या रानात नेतो. तिथं कवच फुटतं आणि तो त्यांच्यासकट खाली जातो.

तो एकदाही वार करत नाही हे ध्यानात घ्या. पळणं आणि लढणं यांतला फरक पुसून टाकणारं मरण लोकांच्या लक्षात राहतं.

दुसरी पायरी: शस्त्र घरातलं हवं

केलेसच्या तलवारीची कथा अशी. त्यानं आपल्या केसांची बट कापली, क्रिस्टाक ज्वालामुखीच्या लाव्हात बुडवली, लुरसोरच्या तळ्यात थंड केली आणि पिळून तिचं पातं केलं. त्याच पात्यानं मोलोरला मारलं आणि मग त्याला नाव दिलं, बॅटलेथ. कापली, बुडवली, निववली, पिळली. चार क्रियापदांत काम झालं. गोष्ट तोंडोतोंडी जायची असेल तर शस्त्राची कृती इतकीच लांब असावी, शिऱ्याच्या कृतीएवढी.

पैठणच्या शालिवाहनाची लोककथा याच्या शेजारी ठेवा. कुंभाराच्या घरी वाढलेलं पोर, मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करून खेळणारं. उज्जैनचा विक्रम चालून आला तेव्हा त्यानं मातीच्या सैन्यावर पाणी शिंपडलं आणि सैन्य उठून उभं राहिलं. कुंभाराकडं मातीच असणार, ती सोडून त्याला दुसरं शस्त्र शोभणारही नाही. केलेसचं पातं त्याच्याच अंगातून निघालं, शालिवाहनाची फौज त्याच्याच अंगणातून. विकत आणलेलं किंवा देवानं आयतं हातात दिलेलं शस्त्रही चालतं, पण ते देवाचं राहतं, वीराचं होत नाही.

म्हणून ऊमठनं काय वापरलं ते ठरवायला मला दोन दिवस लागले. पावलं जड करायची होती. पहिल्या खर्ड्यात मी त्याला लोखंडी बूट दिले होते. ते बूट आले कुठून? शेवटी त्यानं स्वतःच्या घराचा उंबरा उखडला, दोन तुकडे केले आणि पायांना बांधले. तो ज्या उंबऱ्यावरून बाहेर पडला तो उंबरा परत घरी आलाच नाही. या एका वस्तूतून पुढची सगळी कथा सुटली, ती कशी ते पाचव्या पायरीत येईल.

तिसरी पायरी: शत्रूला देवळात जागा द्या

खंडोबानं मणी आणि मल्ल या दैत्यांना मारलं. पण कथा तिथं संपत नाही. मणी शरण आला आणि देवाजवळ त्याला जागा मिळाली. मल्लाचं नाव तर देवाच्याच नावात जाऊन बसलं. मल्लाचा अरी तो मल्लारी, त्याचा मल्हारी. माळेगावच्या यात्रेत 'जय मल्हार' म्हणणारा प्रत्येक माणूस नकळत दैत्याचंही नाव घेत असतो. शत्रूला इतकी मानाची जागा देणारी परंपरा आपल्या हाताशी असताना आपल्या कथांतले खलनायक नुसते फुटून मरतात याचं मला वाईट वाटतं.

क्लिंगॉनांकडं मोलोर आहेच, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मोराथ, केलेसचा सख्खा भाऊ. त्यानं दिलेला शब्द मोडला, घराण्याला काळिमा लावला, म्हणून दोघं बारा दिवस आणि बारा रात्री लढले. वार्फ हा क्लिंगॉन अधिकारी आपल्या मुलाला हीच गोष्ट सांगतो. मोलोरला मारलं म्हणून राज्य मिळालं. मोराथशी लढला म्हणून त्याच्या शब्दाला किंमत आली. वीराला एक शत्रू बाहेरचा आणि एक घरातला द्या. घरातल्यावर जास्त पानं खर्च करा.

ऊमठसाठी मी दोन्ही एकच केले. दणक्यांचा म्होरक्या त्याचा मामा आहे. ऊमठला लहानपणी चालायला त्यानंच शिकवलं. आता विचार करा, घोमीला पावलावरून माणूस ओळखता येतो. मग उंबरा बांधून चाललेल्या भाच्याचं पाऊल मामाला ओळखू आलं नसेल?

चौथी पायरी: गोष्ट तीन तोंडांनी सांगा

एकच प्रमाण कथा असलेला वीर पाठ्यपुस्तकातला वाटतो. शालिवाहनालाच घ्या. कुणी त्याला शेषनागाचा मुलगा म्हणतं, कुणी नुसतंच कुंभाराचं पोर. लोककथा सांगते की त्याच्या विजयापासून शक सुरू झाला. इ. स. ७८ पासून धरलेला हा शक इतिहासकार मात्र शक-क्षत्रप किंवा कुषाण राजांशी जोडतात. पंचांगात नाव शालिवाहनाचंच छापलं जातं. तिन्ही गोष्टी एकाच घरात सुखानं नांदतात, कुणाचं कुणाशी भांडण नाही.

केलेसच्या बाबतीत तर ही उलथापालथ खुद्द मालिकेतच झाली. १९६९ मध्ये तो पहिल्यांदा पडद्यावर आला तो चक्क खलनायक म्हणून. एका ग्रहावरचे जीव चांगलं आणि वाईट यांची झुंज लावतात. चांगल्यांच्या बाजूला अब्राहम लिंकन आणि व्हल्कन या परग्रही जमातीचा तत्त्वज्ञ सुराक, वाईटांच्या बाजूला चंगेजखान आणि हा केलेस. पुढं १९८७ पासूनच्या मालिकेत क्लिंगॉनांच्या आतल्या बाजूनं गोष्ट सांगायला सुरुवात झाली आणि तोच केलेस पूज्य झाला. विसंगती म्हणून नाक मुरडणारे चाहते आहेत. मला ती सोय वाटते. ती पहिली प्रतिमा पृथ्वीवरचा यानाचा कप्तान कर्क आणि त्याच्या सोबत्यांच्या मनातून उचललेली होती, आणि त्या काळी क्लिंगॉन त्यांचे वैरी होते. वैऱ्याच्या मनात आपला आदिवीर असाच असणार.

म्हणून वहीत तीन पानं वेगळी काढा. एकावर आजीची गोष्ट, एकावर पुजाऱ्याची, एकावर हरलेल्यांची. आजी काय झालं ते सांगते आणि मध्येच जेवायला उठते. पुजारी त्यातून नियम काढतो. हरलेले त्याच प्रसंगात एक गोष्ट अशी सांगतात जी बाकीच्यांनी गाळली.

घोमवर आजी म्हणते, मामा फसला. पुजारी म्हणतो, मामाला आपल्या पापाचं ओझं कळलं नाही म्हणून कवच फुटलं, सबब ओझं कमी ठेवा, दानपेटी उजव्या हाताला आहे. दणक्यांचे वंशज म्हणतात, मामानं पाऊल बरोबर ओळखलं होतं. तो भाच्याला अडवायला धावला, कारण पुढचं कवच पातळ आहे हे त्यालाच ठाऊक होतं, आणि टोळी नुसती त्याच्यामागं धावली. कथेत यांतलं खरं कोणतं ते सांगू नका. तुम्ही मनाशीही ठरवलं नाही तर उत्तम, ठरवलं की लेखणी त्या बाजूला कलते.

पाचवी पायरी: रोजच्या जगण्यात खुणा पेरा

इथं घाई करू नका, लेखातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

पहिली खूण काळाची. आमच्याकडं म्हातारी माणसं जन्मसाल सांगत नाहीत. 'बहात्तरच्या दुष्काळात मी काखेत होतो' असं सांगतात. लातूर-धाराशिवकडं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपाच्या नंतर' अशीच गणती झाली. तुमचे परग्रहवासी काळ कशावरून मोजतात? घोमी म्हणतात, 'पाऊल पडल्याला तीनशे उन्हाळे झाले.' वीराचं नाव न घेता वीर वाक्यात आला.

दुसरी खूण घराची. ऊमठनं उंबरा उखडला तेव्हापासून घोमवर कुणाच्याही दाराला उंबरा नसतो. परका माणूस घरात शिरताना सवयीनं पाय उचलतो आणि सगळ्यांना कळतं, हा आपल्यातला नाही. ऊमठ देव आहे असं मला कुठंच लिहावं लागलं नाही.

तिसरी खूण मोडतोडीची. कंधारला क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष आहेत, राष्ट्रकूट काळातले. तुटलेल्या भागांवरून अख्खी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज आपण मनात बांधतो, आणि मनातली मूर्ती उभ्या मूर्तीपेक्षा मोठीच निघते. तुमच्या वीराचं स्मारक धड ठेवू नका.

मग सण. सण लिहिण्याआधी एखादी यात्रा मुद्दाम कामाला लागल्यासारखी बघा. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात, कडाक्याच्या थंडीत खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार, कुस्त्या, तमाशाचे तंबू. गेल्या खेपेला मी वही घेऊन गेलो होतो. देवळाच्या वाटेवर एक वाघ्या दिमडी वाजवत होता, मुरळीच्या हातात घाटी. चार जणांनी ताम्हण धरून तळी उचलली, 'येळकोट येळकोट' झालं, भंडारा उधळला. उधळलेल्या भंडाऱ्यातला थोडा शेजारी उभ्या गाढवाच्या कानात गेला. गाढवानं मान झटकली आणि पिवळा फवारा उडाला तो थेट एका व्यापाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. तो क्षणभर चिडला, मग हात जोडून म्हणाला, 'घ्या, देवानंच लावला.' आणि गाढवाची किंमत पाचशेनं वाढवली.

सण असा लिहायचा. भक्ती, धंदा, चिडचिड, थंडी, सगळं एकाच ताटात. नुसते मशाली घेतलेले हजारो योद्धे एका सुरात गर्जना करतात, असं लिहिलं की ते सैन्याचं संचलन होतं.

क्लिंगॉनांचा कोटबावल हा सण याच कारणानं मला जवळचा वाटतो. केलेसनं मोलोरला हरवलं त्याची आठवण म्हणून रस्त्यावर गात-गात सोंग चालतं, मोलोर बघ्यांना आव्हान देतो आणि बघ्यांतलं कुणीतरी लढायला पुढं होतं. वार्फचा मुलगा अलेक्झांडर यात ओढला जातो. योद्धा व्हायचं की नाही याबद्दल साशंक असलेलं पोर सोंगात मात्र रमतं. पैठणच्या नाथांची भारुडं अजून गावोगाव होतात, त्यात सोंग घेतलेला माणूस समोर बसलेल्या पाटलाची टिंगल करून त्यालाच उत्तर द्यायला लावतो, तो प्रकार ज्यानं पाहिलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

घोमवरच्या सणाचं मी असं केलं. वर्षातून एका रात्री प्रत्येकानं एक जड पाऊल टाकायचं. पण एकेकानं, रांगेनं. दोघांची पावलं एकदम पडली तर कवचाला धोका. मग रांगेत कोण आधी यावरून भांडणं, लहान पोरांना मध्येच दोनदा पाय आपटायचा मोह, आणि आयांचे दबक्या आवाजातले धपाटे.

सहावी पायरी: नाव आणि बोलणं

नावाची परीक्षा सोपी आहे. गच्चीवर जा आणि पालखी खांद्यावर आहे असं समजून ते नाव सलग वीस वेळा ओरडा. केलेस निघतं. मल्हार निघतं. क्रॅथॉरला तिसऱ्या वेळी ठसका लागतो.

बोलण्यात पोरं दोन खड्ड्यांत पडतात. एक खड्डा 'हे वीरश्रेष्ठा, तव चरणी' असा, पौराणिक नाटकाचा. दुसरा, डब केलेल्या चित्रपटाचा: 'तू संपलास, ऊमठ!' आपल्या भागात माणूस पुढ्यात भाकरी टाकताना बोलतो तसं बोलू द्या की त्यांना. घोमवरचा आजी-नातवाचा हा तुकडा बघा:

'आज्जे, ऊमठ भ्याला नव्हता का गं?'

'भ्याला की. पाय लटलट कापायले होते, म्हणून तर उंबरा बांधला.'

'मग गेला कामून?'

'आता बाकीचे समदे गप उभे ऱ्हायले होते, लेकरा. कुणीतरी चालाया नको का? खा गप.'

भ्याला होता हे आजीनं एका दमात कबूल केलं. पुजारी ते सात जन्मात कबूल करणार नाही. हेच दोन्ही तोंडांतलं अंतर.

इथंच एक इशारा, आणि तो मी प्रत्येक वहीवर लाल शाईनं लिहितो. आपल्या इतिहासातल्या पूज्य माणसाला अंतराळयानात बसवून नाव बदलू नका. ना तो इतिहास राहतो, ना ती विज्ञानकथा होते, आणि वाचक पहिल्या परिच्छेदात ओळखून उरलेली कथा फक्त चुका शोधत वाचतो. आपल्याकडून रीत घ्यायची, शेंदूर, तळी, वीरगळ, भारूड यांमागची. माणूस घ्यायचा नाही.

सातवी पायरी, लागली तरच: परत येणं

परत येईन असं सांगून गेलेला वीर खरंच आला तर? १९९३ च्या एका भागात केलेस परततो. बोरेथ या ग्रहावरच्या मठात वार्फ ध्यानाला बसलेला असतो आणि केलेस पुढ्यात उभा राहतो. जुन्या गोष्टी सांगतो, लोक भारावतात. पण सत्तेवर बसलेला गावरॉन त्याच्याशी तलवारीनं भिडतो आणि त्याला हरवतो. आदिवीर हरतो कसा? मग उलगडतं की मठातल्या पुजाऱ्यांनी केलेसच्या जपून ठेवलेल्या सुऱ्यावरच्या रक्तापासून त्याची प्रतिकृती घडवली आहे, आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नाही. हे कळल्यावरही वार्फ त्याला घालवून देत नाही. तडजोड अशी निघते की प्रतिकृतीला मानाचा सम्राट करायचं आणि कारभार गावरॉनकडंच ठेवायचा. लोकांना भोंदूपणा सांगून श्रद्धा मोडायची की श्रद्धेला काम द्यायचं, हा पेच कथाकारांनी फार शहाणपणानं सोडवला असं माझं मत आहे.

दोन वर्षांनी त्याच विश्वात केलेसची मूळ तलवार सापडते. ती शोधायला गेलेले वार्फ आणि म्हातारा क्लिंगॉन योद्धा कोर एकमेकांच्या जिवावर उठतात, कारण ती हातात असलेला माणूस सगळ्या क्लिंगॉनांना एक करील असं दोघांनाही वाटतं, आणि तो माणूस आपणच असं वाटतं. शेवटी ते तलवार अवकाशात सोडून देतात. तुमच्या कथेत वीर किंवा त्याची वस्तू परत आणायची असेल तर आधी कागदावर यादी करा: तो आल्यानं कुणाचं दुकान बंद होतं? यादीत तीन तरी नावं नसतील तर त्याला आणू नका. ऊमठला मी आणलं नाही. फक्त एका सणाच्या रात्री रांगेतली सगळी पावलं टाकून झाल्यावर, दूर पातळ कवचाच्या रानातून एक जड पाऊल ऐकू येतं. कुणी काही बोलत नाही. कथा तिथं सोडली.

शेवटची पायरी: पोराला सांगा आणि चार दिवस थांबा

खर्डा झाला की मोठ्या माणसांना वाचून दाखवू नका, ती 'छान' म्हणतात. दहा वर्षांच्या पोराला गोष्ट तोंडी सांगा, आणि चार दिवसांनी त्याच्याकडून ऐका. त्यानं जे गाळलं ते खर्ड्यातून कापा. त्यानं स्वतःचं जे घातलं ते उचला.

ही परीक्षा मी केलेसच्या एका गोष्टीवर घेतली होती. क्विनलाट नावाच्या शहरावर वादळ येतं. सगळे तटाच्या आत जातात, एकजण बाहेरच उभा राहतो. मी भिंतीमागं तोंड लपवणार नाही, वाऱ्याला माझा मान ठेवायला लावीन, म्हणतो. केलेस त्याच्या मर्जीचा मान राखून आत जातो. वादळ येतं आणि तो माणूस मरतो. एवढीच गोष्ट. एप्रिलात अवकाळी आभाळ भरून आलं होतं, आम्ही वावरातल्या आखाड्यावर अडकलो होतो, तेव्हा पुतण्याला ती सांगितली.

चौथ्या दिवशी तो पारावर दोन पोरांना सांगत होता. मी मागं उभा राहून ऐकलं. शहर गेलं होतं, तिथं आमची वेस आली होती. तट गेला, पत्र्याचं शेड आलं. केलेसचं नाव त्याला आठवेना, म्हणून त्यानं बेधडक 'वीरबा' म्हणून टाकलं.

'वीरबा त्याला म्हन्ला, आरं आत ये, गारा पडायल्यात. तर त्यो म्हन्तो, मी न्हाई भीत, वारं मला वळखतंय. मग वीरबा गेला शेडात.'

'मग?'

'मग काय. सकाळी त्यो मेलेला. वारं काय कुनाला वळखतंय व्हय?'

'आन् वीरबा?'

पुतण्यानं ओढ्याकडच्या वाटेवर बोट केलं. 'त्यो काय तिथंच हाय की.'